गुलजारआपांचे अकरा सेकंद

गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी दहाला ठरलं, आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी गुलजारआपांनी अट घातली: आधी मला पळताना बघू द्या, मग खुशाल कापा.

ही अट त्यांनी डॉक्टरांना ऐकवली, मुलाला ऐकवली, सून अरिबाला ऐकवली, आणि मग जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावरून हाक मारून मला ऐकवली. मी दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालत होते. पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या सोसायटीत कुठलीही गोष्ट खासगी राहत नाही, पण ही तर सगळ्या बाल्कन्यांना एकदमच कळली.

पळताना म्हणजे १९८८ साली. आपा तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या आणि शाळेच्या खो-खोच्या संघात होत्या. अंतिम सामन्याची एक व्हिडिओ कॅसेट शाळेच्या कपाटात मागच्या महिन्यात सापडली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ती पेनड्राइव्हवर उतरवून आपांकडे पाठवली. चित्र बारा मिनिटांचं. त्यात एक मैदान होतं, वरून पांढऱ्या रेघांचा पाऊस पडत होता आणि धुरकट ठिपके इकडून तिकडे जात होते.

"अम्मी, यात तुम्ही कुठल्या?" अरिबाने विचारलं.

आपांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो ठिपका निघून गेला. दुसऱ्यावर ठेवलं. त्याने खिशातून शिट्टी काढली. पंच निघाला.

"हसू नको," आपा म्हणाल्या. "आख्ख्या जिल्ह्यात मी सूर मारायला मशहूर होते. हवेत जायचे मी, हवेत."

अरिबा हसत नव्हती. हसत होते ते सोसायटीचे सेक्रेटरी दिनेशभाऊ. ते पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले होते आणि कारण नसताना बसून राहिले होते. ते गेल्यावर आपांनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणला. आपांचा आवाज खाली येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"संध्या, भूल दिली आणि उठलेच नाही, तर? अरिबाने मला काठी घेऊनच बघितलंय. नातवंडं होतील, त्यांनाही ती हेच सांगणार, तुमची दादी काठीवाली. मला एकदा तिला दाखवू दे. मग मला काहीही होऊ दे."

"होईल," मी म्हणाले. मला वाटतं, आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा पस्तावले असेन तर या एका शब्दामुळे.

आता मी यात कोण, हे सांगितलं पाहिजे. जुने फोटो आणि जुनी चित्रं साफ करायचं काम मी सत्तेचाळिसाव्या वर्षी एकटीने, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून, बघता बघता दूध उतू घालवून शिकले. प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. पण अर्ध्या इंदिरानगरच्या आजोबांच्या मिशा मी परत आणून दिल्या आहेत. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "हिचा छंद आहे." छंद म्हटलं की मला राग येतो, पण दुसरा शब्द त्यांना सुचत नाही आणि मलाही नाही.

हलतं चित्र साफ करायला साधा लॅपटॉप पुरत नाही. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं. ते काय असतं हे मी नामपूरच्या भाषेत सांगते, कारण माझं माहेर तिथलं. कांद्याच्या खळ्यावर एक हुशार मुनीम असतो आणि पन्नास बायका कांदे निवडायला बसलेल्या असतात. मुनीम कितीही हुशार असला तरी एका वेळी एकच कांदा उचलणार. पन्नास जणी एकदम पन्नास उचलतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्या पन्नास जणी.

असं कार्ड माझ्या भाच्याकडे होतं. गेम खेळायला त्याने हट्टाने घेतलं आणि मग हैदराबादला नोकरीला निघून गेला. यंत्र नामपूरला माझ्या धाकट्या भावाच्या, नवनाथच्या घरी राहिलं. नवनाथ कांद्याचा व्यापारी. तो त्या मोठ्या पडद्यावर बाजारभाव बघतो. बाकी वेळ ते यंत्र मी वापरते, इथे नाशकात बसून. इंटरनेटवरून माझ्या लॅपटॉपमध्ये नामपूरचा पडदा दिसतो आणि माझ्या बोटाने तिथला बाण हलतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी तासभर नुसता बाण हलवत बसले होते. माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं.

पण दुसऱ्याच्या घरातलं यंत्र आहे. आपण न विचारता असं कसं घुसायचं? म्हणून मी नेहमी आधी भावजयीला, सुवर्णाला, फोन करते. "सुवर्णा, मी येतेय गं." ती म्हणते, "या ना ताई." मग मी जाते. कुणी म्हणेल, यंत्रात शिरायला परवानगी कसली? पण मला तसं वळण नाही.

तर शनिवारी मी फोन केला, सुवर्णाने "या ना ताई" म्हटलं, मी गेले. आपांचं चित्र यंत्राला दिलं आणि सुरू केलं. बारा मिनिटं म्हणजे सुट्टी अठरा हजार चित्रं, एकेक धुऊन काढायचं. यंत्राने हिशेब केला आणि खाली लिहिलं: बाकी वेळ, एकोणीस दिवस.

ऑपरेशन पाच दिवसांवर होतं.

मी आत डोकावून बघितलं. कामाचा भार कुणावर किती, हे यंत्र सांगतं. मुनीम शंभर टक्के. पन्नास बायका शून्य टक्के. म्हणजे मुनीम एकटा घाम गाळत कांदे निवडतोय आणि बायका गप्पा मारत बसल्यात. एक गोष्ट मात्र मला त्या यंत्राची पहिल्यापासून आवडायची. अक्षरं चांगली मोठी दिसायची. चष्म्याशिवाय वाचता यायचं. मला वाटायचं, डोळे सुधारले.

रविवारी सुवर्णा लखमापूरला हळदीला गेली होती. फोन उचलत नव्हती. नाइलाजाने, चोरासारखी, मी न सांगता आत गेले. दहा सेकंदांचा तुकडा करून बघितला. भुर्रकन झाला! बायका शंभर टक्के, मुनीम निवांत. पूर्ण चित्राला किती लागतील? सात तास. मी आनंदाने यांना लाडू दिला. अक्षरं मात्र त्या दिवशी एकदम बारीक झाली होती. डोळे परत बिघडले, असं मी मनाशी म्हटलं.

सोमवारी सकाळी आंघोळ करून, देवाला दिवा लावून, रीतसर सुवर्णाला फोन करून आत गेले. एकोणीस दिवस.

मग सल्ले आले. सल्ला द्यायला माणसाला काय झालंय ते माहीत असावं लागत नाही. दिनेशभाऊ म्हणाले, "वहिनी, फॉरमॅट मारा." त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर हे एकच औषध आहे. त्यांच्या टीव्हीचा आवाज जात होता तेव्हाही ते हेच म्हणाले होते. शिवाय जाता जाता म्हणाले, "या वयात कशाला त्रास करून घेता?" दिनेशभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत आणि गेल्याच महिन्यात त्यांनी केस काळे केले आहेत.  हे मी फक्त इथे लिहून ठेवते आहे.

आमचे हे म्हणाले, इंटरनेटच हळू असेल. मी समजावलं की निवडायचे कांदे नामपूरला, बायका नामपूरला, इंटरनेट फक्त निरोप नेतं. निरोप्या लंगडा असला म्हणून बायका का थांबतील? ते म्हणाले, "तरी पण." या "तरी पण"पुढे संसारात कुणाचं चाललेलं नाही. मी इंटरनेटवाल्यांकडे तक्रार केली.

दोन तासांनी त्यांचा माणूस आला. डबा गच्चीवर आहे, म्हणाला, पण सोसायटीच्या पत्राशिवाय मी गच्चीवर जात नाही. पत्र सेक्रेटरी देणार. म्हणजे दिनेशभाऊ. दिनेशभाऊंनी अर्ज मागितला, दोन प्रतींत. मी जिन्यात उभी राहून लिहिला. "गच्चीवर जाण्याचे कारण" असा एक रकाना होता. मी खरं तेच लिहिलं: "श्रीमती गुलजारबी यांना पळताना बघणे."

दिनेशभाऊंनी तो दोनदा वाचला. "हे कारण बसत नाही, वहिनी."

"कुठे बसत नाही?"

"नियमात."

तोपर्यंत तो माणूस निघून गेला होता आणि माझ्या मोबाईलवर निरोप आला होता: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया तारे द्या.

खालून हाक आली. "संध्या! झालं का गं?"

"होतंय, आपा!"

"मी बॅग नाही भरत हां. अरिबा भरते आणि मी परत काढते."

ते खरं होतं. मी खाली गेले तेव्हा दवाखान्याची बॅग पलंगावर उघडी पडली होती. अरिबा गाऊन आत ठेवत होती आणि आपा तिच्यासमोर तो बाहेर काढत होत्या. अरिबाने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काकू, त्यांनी आज सकाळपासून काही खाल्लं नाही. डॉक्टर म्हणाले, आता पुढे ढकललं तर पाय वाकडाच राहील."

मंगळवारी सकाळी मी सीबीएसवरून सटाण्याची बस धरली आणि सटाण्याहून नामपूर गाठलं. यंत्राचं दुखणं समोर बसूनच बघायचं, असं ठरवलं होतं.

सुवर्णाने पाणी दिलं, मी बसले. पडद्यावर कांद्याचे भाव होते. ते बाजूला केले, चित्र लावलं, सुरू केलं. बाकी वेळ, सात तास. पन्नास बायका शंभर टक्के.

आपण डॉक्टरकडे जावं आणि दारातच खोकला थांबावा, तसं झालं. मी उठले, पुन्हा बसले, परत सुरू केलं. सात तास. तीन तासांचा प्रवास करून आल्यावर यंत्राने माझ्या तोंडावर सांगितलं की त्याला काहीही झालेलं नाही.

मग म्हटलं, इथून चालतं, तिथून का चालत नाही? मी सगळं थांबवलं आणि अरिबाला फोन केला. "अरिबा, माझा लॅपटॉप उघड. तू तिकडून ये आणि तूच सुरू कर. मी इथे बसून बघते."

"येते काकू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि लगेच सुवर्णाचा फोन वाजला. अरिबा संस्कारी घरातली मुलगी आहे. शिवाय आमच्याकडे बसून बसून तिने माझी रीत बघितली होती आणि सुवर्णाचा नंबरही घेऊन ठेवला होता. सुवर्णाने फोन स्पीकरवर घेतला.

"मामी, मी अरिबा बोलते. मी येतेय हं."

"या ना बेटा," सुवर्णा म्हणाली. फोन ठेवला, पदराला हात पुसले, माझ्या बाजूने वाकून टेबलावरची धूळ झटकली आणि पडद्याचं बटण दाबून तो बंद केला.



दोन मिनिटांनी अरिबाचा फोन आला. "काकू, एकोणीस दिवस दाखवतंय."

"सुवर्णा," मी म्हणाले, "तू हे काय केलंस?"

"काय कयं?"

"पडदा का बंद केलास?"

ती गोंधळली. "दर वेळेस करस ना, ताई. तुमी येतस म्हनी सांगतस, मी बंद करी देस. घरमा लोके येतस-जातस, हमाल येतस, समदासले तुमनं काम काबरं दिखाडानं? तुमी आपलं काम निवांत करा. कोनी डोकावाले नको." आणि जरा थांबून, "तुमले राग येवाले नको म्हनून."

गेल्या दीड वर्षात मी जेव्हा जेव्हा सांगून गेले, तेव्हा तेव्हा या बाईने माझ्यासाठी खोली आवरली होती. पाहुणी येणार म्हटल्यावर आपण बाहेरची चादर सरळ करतो, तशी. नणंद आत काम करतेय, तिच्याकडे कुणी टक लावून बघू नये, म्हणून पडदा विझवत होती. फोटोंचं काम एवढं थोडं असायचं की मुनीम एकटाच ते उरकत होता आणि मला कधी कळलंच नाही. पडदा बंद झाला की यंत्राला वाटायचं, बघायला कुणी नाही. मग ते त्या पन्नास जणींना उठवतच नव्हतं. मोठा पडदा नाही म्हटल्यावर ते लहान पडद्यापुरतं चित्र पाठवायचं, अक्षरंही म्हणून मोठी दिसत होती. माझे डोळे आहेत तसेच आहेत.

मी रागवायला तोंड उघडलं आणि रागवताच येईना. मी फोन करत होते तो तिच्या मानासाठी, ती पडदा बंद करत होती तो माझ्या मानासाठी, आणि मध्ये आपांचा गुडघा अडकला होता.

मी तिला सगळं समजावलं. तिने पडदा लावला आणि तोंडावर पदर धरला. "म्हंजे त्या आपांना उशीर मना मुये व्हयना?"

"तुझ्यामुळे नाही गं. आपल्या दोघींच्या वळणामुळे."

चित्र सुरू केलं आणि वीस मिनिटांत लाइट गेली. खांबावर काम चाललंय, संध्याकाळी येईल, असं नवनाथने सांगितलं. मला परतीची बस धरायची होती. सुवर्णा मला थांब्यापर्यंत सोडायला आली. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, सकायमा आठला लावा. मी पडदासमोरून हालत नही."

बुधवारी सकाळी आठला मी नाशकातून फोन केला. "सुवर्णा, मी येतेय गं."

"या ताई. आम्ही बठेल शेत."

"आम्ही कोण?"

मी तिला काय सांगितलं होतं आणि तिने काय ऐकलं होतं, हे तेव्हा उलगडलं. बघायला कुणी नसलं की यंत्र काम करत नाही, हे तिने शब्दशः धरलं होतं. तिने पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या आणि पाळ्या लावल्या होत्या. आठ ते दहा ती स्वतः. दहा ते बारा नवनाथ, गिऱ्हाईक आलं तरी उठायचं नाही. बारापासून कुसाबाई, म्हणजे खळ्यावर चाळीस वर्षं कांदे निवडणारी बाई.

मी म्हणाले, "अगं, पडदा चालू असला तरी पुरे. माणूस नको."

"असू द्या ना," सुवर्णा म्हणाली. "बसनूत तर काय बिघडस?"

मागून कुसाबाईचा आवाज आला. तिला सगळी गोष्ट कळली होती आणि पटली नव्हती. "कोनी देखस तवयच काम करस? कसं वं हाई यंत्र! आम्ही तं कोनी देखो का न देखो, निवडतस."

यंत्र एकेक चित्र धुऊन पडद्यावर दाखवत होतं. सव्वा सेकंद, दीड सेकंदाला एक. म्हणजे मैदानावरच्या मुलीला एक पाऊल उचलून टेकवायला पंधरा-वीस सेकंद लागत होते. नामपूरचं ते घर दिवसभर १९८८ सालचा खो-खो बघत होतं, मुंगीच्या चालीने. दर अर्ध्या तासाने मला फोन. पाहुण्यांचा सत्कार झाला. पाहुणे सरबत प्यायले. पाहुणे अजून सरबतच पितायत. कॅमेरावाला पाहुण्यांनीच आणला होता हे उघड होतं. मी विचारायची, आपा? सुवर्णा म्हणायची, "त्या बठेल शेत. ओळीमा, खांबापासून दुसऱ्या. डोक्याला दोन येण्या. ओठ चावतस."

आपांना तिने कधी बघितलं नव्हतं. तरी मी सांगितलेल्या एका खुणेवरून, ओठांवरून, तिने ओळखलं. आपा आजही घाबरल्या की ओठ चावतात.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. सुवर्णा ओरडत होती. "ताई! खो भेटना! उठनी! ताई, ती उठनी!"

मागे नवनाथ, कुसाबाई आणि दोन हमाल एकदम बोलत होते. साडेसहा मिनिटं मी फोन कानाला लावून उभी होते. त्या साडेसहा मिनिटांत त्या घरात कुणी खुर्चीवर बसलं नाही. "पयस… पयस… ताई, किती पयस!" आणि मग एकदम सगळे गप्प झाले.

"काय झालं?"

"फिरी गया," सुवर्णा रडवेली होऊन म्हणाली. "कॅमेरा फिरी गया पाहुण्याकडे. मेल्याचं सरबत संपलं."

संध्याकाळी आपांच्या घरी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. मी पाहुणे वगळून थेट तिथेच लावलं. अकरा सेकंद. दोन वेण्यांची, सडपातळ, ओठ चावणारी एक मुलगी चौकोनातून उठली. एका पावलातच तिचा वेग असा होता की अरिबाच्या तोंडून "अल्लाह" निघालं. मुलगी खांबाकडे गेली, पुढची पळणारी हातभर अंतरावर, आणि मुलीने स्वतःला झोकून दिलं. दोन्ही पाय जमिनीपासून सुटले.

तिथेच कॅमेरा फिरला. सरबताचा रिकामा ग्लास.

 मग आपा म्हणाल्या, "बस? इतकंच?"

"इतकंच, आपा."

"पकडलं होतं मी तिला." जरा वेळाने म्हणाल्या, "किंवा नसेल पकडलं." मग चष्मा काढून पुसला. "आता मी सांगेन तेच खरं."

अरिबाने चित्र मागे नेलं, पाय सुटलेत तिथे थांबवलं आणि सासूकडे बघत राहिली. आपल्या घरात इतकी वर्षं कोण राहत होतं हे आत्ता कळावं, तशी. "अम्मी, जमिनीला पायच नाहीत तुमचे."

"सांगत होते ना. हवेत जायचे." आपांनी बॅग जवळ ओढली आणि गाऊन स्वतःच्या हाताने आत ठेवला. "पुन्हा लाव."

आम्ही ते चौदा वेळा लावलं. सहाव्या वेळी दिनेशभाऊ पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले आणि उभ्यानेच बघत राहिले. फॉरमॅटबद्दल काही बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला आपांना आत नेलं. नेताना त्यांनी मला हात पुढे करून दाखवला, खो द्यावा तसा. मी आणि अरिबा बाहेरच्या बाकावर बसलो. दवाखान्यातलं घड्याळ बघितलं की दिसतं, चालतंय. पण चालत नाही. सव्वाअकरा झाले. माझा फोन वाजला. सुवर्णा.

"ताई, झालं का हो?"

"अजून नाही गं. आत आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि जरा लाजत, "मी पडदा लायी ठेवेल शे."

"कशाला? आज काही काम नाही."

"माहीत शे. काही दिसत पन नही, नुस्ता निळा. पन मी आन् कुसाबाई बठेल शेत समोर. दहापासून." मागून कुसाबाई काहीतरी म्हणाली. सुवर्णाने तिला गप्प केलं. "ताई, तिकडे काम चालू शे ना? मग असू द्या. कोनीतरी देखत राहेल बरं."

मी फोन अरिबाच्या कानाला लावला आणि आम्ही दोघी समोरच्या बंद दाराकडे बघत बसलो.